गाडीचं वय विचारू नका, तब्येत तपासा

मोठी पोस्ट आहे, चहा घेऊन बसा. आणि "श्रीमंतांचे चोचले" अशी कमेंट टाकायची असेल तर शेवटपर्यंत वाचून टाका, कारण यातला बराचसा मजकूर तुमच्या गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या एम-एटीबद्दलसुद्धा आहे.

माझ्याकडे होंडा सीबी ७५० आहे. १९७७ सालची. चार सिलिंडर, चार कार्बोरेटर, चार सायलेन्सर. कुवेतला नोकरी करून परत आलेल्या एका गृहस्थांनी ती १९८४ साली रीतसर कस्टम भरून आणली, आणि २००८ साली मी ती त्यांच्याकडून घेतली. कस्टमची पावती, आरसी बुक, जुनं इन्शुरन्स, सगळं फाईलमध्ये आहे. उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक ड्रिल मशीन. कारखानदार म्हणावं असं काही नाही. ही गाडी माझी चैन आहे म्हणा, व्यसन म्हणा, मी वाद घालणार नाही.

वाद वेगळाच आहे. आकडे बघा.

२०१९ ला पासिंग केलं तेव्हा इंपोर्टेड मोटारसायकलची फी २५०० रुपये होती. २०२४ ला केलं तेव्हा १०,००० झाली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने नियम बदलला, आणि वीस वर्षांपेक्षा जुन्या इंपोर्टेड दुचाकीला आता २०,००० रुपये. म्हणजे २०२९ ला मी काउंटरवर उभा राहीन तेव्हा दहा वर्षांत फी आठपट झालेली असेल. इंपोर्टेड चारचाकीला तर ८०,००० आहे. आपल्या देशात बनलेल्या साध्या मोटारसायकलीला ३०० चे १००० झाले, आणि वीस वर्षं ओलांडली की २०००. वर जीएसटी, वर राज्याचा पर्यावरण कर, आणि वर जे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे.

हे सगळं कशासाठी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: प्रदूषण.

ठीक आहे, मग प्रदूषणाबद्दलच बोलूया.

माझ्या मित्राकडे आरएक्स १०० आहे, १९८९ ची. टू-स्ट्रोक. पेट्रोलबरोबर ऑइल जाळते, ते तिच्या बनावटीतच आहे. त्या गाडीवर माझा जीव आहे, तिचा आवाज ऐकला की मी आजही मान वळवतो. पण धूर कोणाचा जास्त, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, तिच्या मागे पांढरा शर्ट घालून पाच मिनिटं चाललं की पुरतं. तिची फी २०००. माझी फोर-स्ट्रोक, पीयूसीच्या मशीनवर दरवेळी पास होणारी, तिची फी २०,०००. आता मला कोणीतरी समजावून सांगा, हा धुरावरचा आकार कसा? धूर "इंपोर्टेड" आहे म्हणून दहापट विषारी होतो का?

पीयूसीची मर्यादा तुम्हाला माहीत असेल. ३१ मार्च २००० च्या आधी बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांपर्यंत चालतो, नंतरच्या गाड्यांना साडेतीन. म्हणजे मोजायची पट्टी सरकारकडे आहे. यंत्र आहे, आकडा येतो, कागद छापून मिळतो. तरी फी ठरवताना त्या आकड्याकडे कोणी बघत नाही. बघतात ते आरसी बुकावरचं साल.

आता तपासणीची गोष्ट. मागच्या वेळी एका कार्यालयात (कुठलं ते लिहीत नाही, सगळीकडे तेच असतं) माझ्या गाडीची तपासणी झाली. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली. हॉर्न वाजवून बघितला. हेडलाइट लावून बघितला. मग साहेब गाडीला एक चक्कर मारून म्हणाले, "चार सायलेन्सर कशाला हो?" मी म्हटलं, "साहेब, चार सिलिंडर आहेत." ते हसले, मीही हसलो. झाली तपासणी. चार मिनिटं लागली असतील.

ब्रेक कोणी दाबून बघितला नाही. कोरडं धरलं तर २३० किलोच्या आसपास वजनाची गाडी, पुढे एकच डिस्क, मागे ड्रम. ती किती अंतरात थांबते हे रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाच्या जिवाशी संबंधित आहे. फोर्कचं ऑइल गळतंय का, स्टिअरिंगच्या बेअरिंगला खड्डा पडलाय का, टायर किती साली बनलाय, काही नाही. मी स्वतः बघतो म्हणून गाडी ठीक आहे. उद्या कोणी अशीच गाडी घेतली आणि टायर पंधरा वर्षांचा कडक झालेला असला तरी २०,००० भरून तो पास होईल. मग पैसे घेतले कशाचे? सुरक्षिततेचे तर नक्कीच नाहीत.

यातली गंमत अशी की सरकारचं मूळ धोरण असं नव्हतं. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन मोडीत काढण्याचं धोरण जाहीर झालं, तेव्हा खासगी गाड्यांच्या बाबतीत सांगितलं गेलं की वय झालं म्हणून गाडी भंगारात जाणार नाही, फिटनेस टेस्टमध्ये नापास झाली तर जाईल. गडकरी साहेब आपल्याच नागपूरचे, त्यांच्या रस्त्यांचं कौतुक मीही करतो. पण धोरण म्हणतं फिटनेस बघा, आणि फी म्हणते वय बघा. या दोन गोष्टी एका खात्याच्या छताखाली कशा नांदतात? टेस्ट कडक करा ना. मशीनवर घ्या. नापास झालो तर मी गाडी ढकलत घरी नेईन, तक्रार करणार नाही. पण पास झालेल्या गाडीला वयाचा दंड कसला?

काही लोक म्हणतील, अरे मग व्हिंटेज करून टाक. तिथे तर अजून मजा आहे.

जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपातली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज. नव्या नोंदणीला २०,०००, नूतनीकरणाला ५०००, नव्या नंबरात "व्हीए" ही अक्षरं. इथपर्यंत चांगलं आहे, या देशात जुन्या गाडीला पहिल्यांदा कायद्यात जागा मिळाली. पण पुढचं वाचा. ती गाडी रस्त्यावर नेहमीच्या वापरासाठी चालवायची नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढायची.

माझी गाडी १९७७ ची. परदेशातली पहिली नोंद त्याच वर्षाची. म्हणजे पुढच्या वर्षी तिला पन्नास पूर्ण होतात. आज सरकारच्या लेखी ती अडगळ आहे, जिच्यावर जास्तीत जास्त फी लावून मालकाने कंटाळून सोडून द्यावी. पुढच्या वर्षी तीच गाडी, तेच इंजिन, तोच मालक, आणि ती वारसा होऊ शकते, पण वारसा झाली की पन्हाळ्याला भजी खायला न्यायची नाही. अडगळ किंवा देव्हारा. साधी मोटारसायकल म्हणून जगायला तिला मधे जागाच नाही.

ज्यांनी हा नियम लिहिला त्यांनी जुनी गाडी कधी ठेवलेली नसावी. मोटारसायकल उभी राहिली की मरते. पेट्रोल कार्बोरेटरच्या वाटीत सुकून चिकट होतं, जेट बंद होतात, आणि इथे जेटचे चार संच आहेत. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात. ब्रेकचा पिस्टन कॅलिपरमध्ये गंजून धरतो. सील कोरडी पडतात आणि मग ऑइल गळतं. टाकीत हवा शिरते, ओल धरते, आतून गंज येतो. आमचे मिस्त्री म्हणतात, गाडी आणि म्हातारा माणूस, दोघांना रोज फिरवून आणायचं. मी दर रविवारी पहाटे गगनबावड्याच्या रस्त्याला जाऊन येतो. तो फेरफटका म्हणजेच या गाडीचं निम्मं मेंटेनन्स आहे. उरलेलं निम्मं वर्कशॉपमध्ये होतं: टॅपेट सेटिंग, पॉइंट साफ करणं, आणि चारही कार्बोरेटर व्हॅक्यूम गेज लावून एका तालात आणणं. ते जमलं की इंजिन शिलाई मशीनसारखं चालतं. एक जरी कार्बोरेटर मागे पडला तरी बाकीचे तिघे त्याला ओढत राहतात आणि पेट्रोल वाया जातं. सांगायचा मुद्दा, नीट ठेवलेली चार सिलिंडर गाडी कमी धूर सोडते आणि हयगय केलेली जास्त. फरक वयाचा नाही, हाताचा आहे. आणि नियम नेमका हात आखडायला लावतो.

"एवढं काय आहे त्या गाडीत?" हेही विचारलं जातं. सांगतो थोडक्यात.

१९६९ साली ही गाडी बाजारात आली. ७३६ सीसी, आडवी बसवलेली चार सिलिंडरची ओळ, ६७ हॉर्सपॉवर, पुढे डिस्क ब्रेक, बटणावर चालू. आज यात विशेष वाटणार नाही. पण त्या वेळी अशी गाडी रेसच्या ट्रॅकवर बघायची असे, शोरूममध्ये नव्हे. अमेरिकेत किंमत लावली १४९५ डॉलर. होंडाचा स्वतःचा अंदाज होता वर्षाला १५०० गाड्या खपतील. तेवढी मागणी महिन्याला आली, आणि मग तीही दुप्पट झाली. सुरुवातीच्या इंजिनांची केसिंग वाळूच्या साच्यात ओतली होती, कारण एवढ्या खपाची त्यांनाच खात्री नव्हती. कोल्हापुरात फौंड्रीत काम केलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ब्रिटिश मोटारसायकल उद्योग आधीच खंगत होता, तो यानंतर सावरला नाही. १९७२ च्या शेवटी कावासाकीची झेड-वन आली, ९०३ सीसी. मग सुझुकी आणि यामाहाही त्याच वाटेने गेल्या. जगभरात पुढची कित्येक वर्षं मोठी मोटारसायकल म्हणजे चार सिलिंडरची जपानी मोटारसायकल, हे समीकरण तिथून पडलं.

त्याच वर्षांत आपल्याकडे काय होतं? बुलेट, जावा-येझदी, राजदूत, आणि स्कूटरसाठी वर्षानुवर्षांचं बुकिंग. जपानी कंपन्या आपल्याकडे आल्या त्या ऐंशीच्या दशकात, भागीदारीत, आणि शंभर सीसीची गाडी घेऊन. म्हणून भारतात जुनी चार सिलिंडर जपानी गाडी म्हणजे कोणीतरी आखातातून किंवा जहाजावरून आणलेली, मोजक्या संख्येतली. २००७ नंतर मोठ्या गाड्यांची आयात खुली झाली आणि डिसेंबरात यामाहाची आर-वन अधिकृतपणे शोरूममध्ये आली. हिशेब करा. त्या पहिल्या गाड्यांना २०२७ मध्ये वीस वर्षं होतात. आज ज्यांना वाटतंय की हा म्हाताऱ्यांच्या गाड्यांचा प्रश्न आहे, त्यांचा नंबर येतोच आहे.

आता एम-एटीकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने खरा प्रश्न तिथे आहे.

माझे २०,००० गेले तर मी कुरकुरेन आणि भरेन. पाच वर्षांसाठी आहेत, वर्षाला चार हजार पडतात. ज्याला सीबी ७५० परवडते त्याने गरिबीचं सोंग आणू नये, हे मला मान्य आहे. पण गावाकडे पहाटे दूध संस्थेला दूध घालायला जाणारा माणूस बघा. एम-एटीच्या दोन्ही बाजूंना कॅन, पंचवीस वर्षं तीच गाडी. ती विकायला काढली तर भंगारवाला जे देईल त्यात पासिंगचा सगळा खर्चही निघायचा नाही. तो काय करतो? पासिंग करतच नाही. कागद संपले, गाडी चालू.

आणि कागद संपले की इन्शुरन्स संपतो. ही गोष्ट कोणी बोलत नाही. मोटार वाहन कायद्यात थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा का आहे? गाडीने कोणाला उडवलं तर त्या माणसाच्या घरच्यांना भरपाई मिळावी म्हणून. विनाकागद एम-एटीने उद्या शाळेतल्या पोराला धडक दिली तर भरपाई कोण देणार, तो दूधवाला? त्याची म्हैस विकून? फी वाढवून तुम्ही गाडी रस्त्यावरून हटवली नाही, फक्त हिशेबातून हटवली. धूर तोच, धोका तोच, पण आता त्या धोक्यामागे इन्शुरन्स कंपनी नाही.

दंडाचं गणितही बघा. नोंदणी नसलेली गाडी चालवली तर कलम १९२ खाली पहिल्या वेळचा दंड जास्तीत जास्त ५००० रुपये. इन्शुरन्स नसेल तर पहिल्या वेळी २०००, आणि कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. इंपोर्टेड गाडीची फी २०,०००. प्रामाणिक राहणं पकडलं जाण्यापेक्षा महाग करून ठेवलंय. मी फी भरणार, कारण मला रात्री झोप लागली पाहिजे. पण कायदा माणसाच्या झोपेवर चालवायचा नसतो.

आता विरोधी मुद्दे. ते खरे आहेत तेवढे मान्य करून बोलतो.

पहिला: जुनी गाडी किलोमीटरमागे जास्त प्रदूषण करते. बरोबर. माझ्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, फ्युएल इंजेक्शन नाही, ॲव्हरेज सोळा-सतरा. आजच्या बीएस-सिक्स गाडीशी तुलनाच नको. पण ती वर्षाला दोन हजार किलोमीटरच्या आत चालते. कामासाठी मी स्कूटर वापरतो. एकूण धूर म्हणजे किलोमीटरमागचा धूर गुणिले किलोमीटर, हे आठवीच्या पोराला कळतं. मग किलोमीटरवर मर्यादा घाला. वर्षाला तीन हजार ठरवा, ओडोमीटर तपासा, मी सही करतो.

दुसरा: दिल्लीची हवा बघा, तिथे बंदी घालावी लागली. हो, तिथे दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल वाहन बंद करायचा आदेश झाला, २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर पेट्रोलच द्यायचं नाही, असं फर्मान निघालं, आणि लोकांच्या रेट्यामुळे ते आठवडाभरात पुढे ढकलावं लागलं. मला त्यातून एकच दिसतं: वयाची सरसकट कुऱ्हाड चालवायला गेलं की चांगली गाडी आणि वाईट गाडी एकाच ढिगात पडतात, आणि मग कारवाई करणाऱ्यालाच माघार घ्यावी लागते.

तिसरा: तुम्ही लोक आवाज करता. यावर मी माझ्याच लोकांना झोडपणार आहे. सायलेन्सरची जाळी काढून, सरळ पाइप लावून, रात्री अकराला शहरातून गाडी फिरवणारे जे आहेत, त्यांच्यामुळे आमच्यासारख्या सगळ्यांची बदनामी होते. पोलीस असले सायलेन्सर काढून त्यावर रोडरोलर फिरवतात, उत्तम करतात. माझ्या गाडीचे चारही सायलेन्सर मूळ आहेत आणि ती शेजारच्या बुलेटपेक्षा हळू बोलते. ज्याला चार सिलिंडरचा आवाज ऐकायचा आहे त्याने गाडीजवळ यावं, गाडीने त्याच्या बेडरूममध्ये जायची गरज नाही. तसंच खोट्या कागदांचं. जुन्या स्वदेशी आरसी बुकावर चोरट्या मार्गाने आलेली परदेशी गाडी चढवायची, हा धंदा या देशात झालेला आहे आणि त्याला "शौक" म्हणून पाठीशी घालणारेही आपल्यातच आहेत. अशी गाडी जप्त झाली तर माझ्याकडे सहानुभूती मागायला येऊ नका. आपले कागद स्वच्छ असतील तरच आपण सरकारला जाब विचारू शकतो.

आणखी एक विषय, याच साखळीतला. पेट्रोल.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. माझ्याही घरी गावाकडे ऊस आहे. इथेनॉलमुळे कारखान्याला पैसा मिळतो आणि बिल वेळेवर निघायला मदत होते, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. इथेनॉलला माझा विरोध नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाड्यांतली रबरं, सील आणि नळ्या त्याच्यासाठी बनलेल्या नाहीत. महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत ते काय करतं हे कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलंय की जुन्या बनावटीच्या दुचाकींचं ॲव्हरेज तीन-चार टक्के घटेल, आणि जुन्या गाड्यांसाठी ई-टेन उपलब्ध ठेवावं असंही त्यात सुचवलं होतं. मग ते आपल्या पंपावर कुठं आहे? एका हाताने जुन्या गाडीवर फी आठपट करायची, दुसऱ्या हाताने तिला मानवेल असं पेट्रोल गायब करायचं, आणि मग म्हणायचं, बघा, जुन्या गाड्या बिघडतात. वा.

बाहेर काय चालतं तेही सांगतो, उगाच "परदेशात बघा" म्हणून नाही, तर मधला रस्ता असतो हे दाखवायला.

जर्मनीत १९९७ पासून जुन्या गाड्यांना वेगळी पाटी मिळते, नंबरच्या शेवटी एच अक्षर. अट: गाडी तीस वर्षांची हवी, मूळ स्थितीला धरून हवी, आणि तज्ज्ञाने तपासून तसं लिहून द्यायला हवं. मोटारसायकलीला वर्षाला ठोक कर ४६ युरोच्या आसपास. रुपयात काढा, माझ्या वर्षाच्या चार हजारांच्या आसपासच जातं. म्हणजे पैशाचा फारसा फरकच नाही. फरक हा की तिथे पैसे भरल्यावर खरी तपासणी होते, मान्यता मिळते, आणि गाडी चालवायला मोकळीक मिळते. इथे पैसे भरल्यावर पेन्सिल घासतात.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षं झालेल्या, मोठे बदल न केलेल्या गाडीला रस्ता कर माफ आणि २०१८ पासून वार्षिक तपासणीसुद्धा माफ. मला हे पटत नाही. तपासणी माफ नको, उलट कडक हवी. खुद्द जपानमध्ये अडीचशे सीसीवरच्या मोटारसायकलीला ठराविक काळाने तपासणी चुकत नाही, तेरा आणि अठरा वर्षांनी कर थोडा चढतो, पण पास झालेली गाडी चालवायला कोणी अडवत नाही. आणि कावासाकीने काही वर्षांपूर्वी झेड-वनचं सिलिंडर हेड पुन्हा बनवून विकायला काढलं. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीचा सुटा भाग, मूळ कंपनीकडून. त्या देशाला नवीन गाड्या विकायच्या नाहीत असं थोडंच आहे?

आणि आपल्याला यात काय मिळतं? उद्यमनगरात फिरून बघा. ज्याचा स्पेअर जगात मिळत नाही तो भाग नमुना बघून लेथवर काढून देणारा माणूस इथे अजून आहे. मी स्वतः माझ्या गाडीचे बुश, स्पेसर, ॲक्सल इथेच बनवले. चेन स्पॉकेट इथेच कापून घेतलं. असं काम करणाऱ्या मिस्त्र्यांचं वय बघा, बरेचसे साठीच्या पुढे आहेत. त्यांच्या हाताखाली शिकायला पोरगा तेव्हाच येईल जेव्हा या कामाला गिऱ्हाईक असेल. जुनी गाडी कायद्याने संपवली की हे हातही संपले. मग "कौशल्य विकास"चे बॅनर लावत बसा.

माझ्या मागण्या लिहून ठेवतो, म्हणजे कमेंटमध्ये कोणी "मग तुला पाहिजे तरी काय" विचारायला नको:

१. पासिंगची फी वयावर न लावता तपासणीवर लावा. मशीनवर ब्रेक, लाइट, धूर, आवाज मोजा. त्या टेस्टचा खर्च माझ्याकडून घ्या. नापास गाडी दुरुस्त होऊन पास होईपर्यंत रस्त्यावर नको.

२. तीस ते पन्नास वर्षांच्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग करा. मूळ स्थिती, कडक तपासणी, वर्षाला किलोमीटरची मर्यादा, आणि त्या मर्यादेत कुठेही चालवायची परवानगी. पन्नाशीनंतरच्या व्हिंटेज गाडीलाही हीच सवलत द्या.

३. "इंपोर्टेड" म्हणून दहापट फी रद्द करा. कस्टम एकदा भरलेलं आहे. चाळीस वर्षांपूर्वी.

४. शंभर सीसीपर्यंतच्या जुन्या दुचाकी, ज्या पोटापाण्यासाठी चालतात, त्यांचं पासिंग नाममात्र फीमध्ये करा, म्हणजे त्या इन्शुरन्सखाली येतील. हा मुद्दा माझ्या गाडीपेक्षा महत्त्वाचा आहे, खासदारांना एकच ओळ सांगायची झाली तर ही सांगा.

५. प्रत्येक तालुक्यात निदान एका पंपावर ई-टेन ठेवा.

शेवटचं. असे नियम रातोरात येत नाहीत. मोटार वाहन कायद्याखाली नियम बदलताना आधी मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करावा लागतो आणि हरकती मागवल्या जातात, बहुतेक वेळा तीस दिवसांची मुदत असते. फी दुप्पट होण्याआधी आपल्यापैकी किती जणांनी हरकत पाठवली? रॅलीला दोनशे गाड्या येतात, फोटोला हजार लाइक येतात, हरकतीचा कागद मात्र कोणी पाठवत नाही. पुढचा मसुदा निघाला की मी मराठीत आणि इंग्रजीत पत्राचा नमुना इथेच टाकेन. स्वतःचं नाव, गाडीचं साल आणि शेवटच्या पीयूसीचा आकडा भरायचा, आणि पाठवायचं. ज्यांच्याकडे एम-एटी आहे त्यांनी तर आधी पाठवायचं.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर मुद्द्यावर बोला, मी उत्तर देतो. आणि गाडी बघायची असेल तर रविवारी सकाळी नऊनंतर या, तोवर मी गगनबावड्याहून परत आलेला असतो.